रीडिंगवाला दादा

आमच्या दादाला त्याच्या ऑफिसात ‘मीटर’ म्हणत. तोंडावर म्हणत आणि तो ओ देई. वीज कंपनीत तो रीडिंग घ्यायला होता. घरोघरी जायचं, जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारायची, मीटरवरचा आकडा लिहायचा आणि पुढच्या दारात जाऊन उभं राहायचं. याला काही हुशारी लागत नाही असं लोकांना वाटतं. नसेल लागत, पण चिकाटी लागते, आणि ती त्याच्याकडे घोरपडीची होती.

दाराला कुलूप असलं की बाकीचे रीडर अंदाजाने आकडा टाकून मोकळे व्हायचे. दादा परत जायचा. पुन्हा कुलूप, पुन्हा खेप. एकदा असाच एका घरी चकरा मारत होता, तर शेवटी दार उघडणाऱ्या बाईने विचारलं, “आमच्या मुलीसाठी येताय का?” तीच मुलगी पुढे माझी वहिनी झाली असं सांगितलं तर गोष्ट झकास होईल, पण तसं काही झालं नाही. वहिनी रीतसर बघून, चहा पिऊन, नातेवाइकांना विचारून केलेली.

मीटरशी खेळ करणारे लोक सगळीकडे असतात. कुणी त्यावर लोहचुंबक ठेवतं, कुणी मागून वायर काढतं. दादाला दारातच वास यायचा. तो आवाज चढवायचा नाही. चुंबक काढून त्या माणसाच्या हातात द्यायचा, रिपोर्ट लिहायचा आणि पाणी मागून प्यायचा. त्याला लाच द्यायचे प्रयत्न झाले, शिव्या झाल्या, एकदा कुत्रं सोडून झालं. हा आपला नाकासमोर चालणारा. त्याचं एकच म्हणणं होतं: आकडा कमी असो की जास्त, आपल्याला काय करायचंय? खरा असला म्हणजे झालं.

बाहेर सगळ्या जगावर संशय घेणं ही त्याची नोकरी होती. घरी आला की चपलांबरोबर तोही दाराशी काढून ठेवायचा. मूलबाळ झालं नाही; दोघांचाच संसार. घरातलं सगळं वहिनीच्या हाती, आणि तिने वाढलं की हा मुकाट जेवायचा.

वहिनी चांगली बाई आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे त्यानंतर माझ्या तोंडून ते निघायचं नाही. माझं केस कापायचं दुकान आहे. कात्री हातात असते आणि जिभेवरही, असं वहिनीच म्हणते. मी घटस्फोट घेऊन आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तोंडं फिरवली होती. दाराची कडी काढून मला आत घेतलं ते हिने. दादा तेव्हा कामावर होता.

दादा रिटायर झाला आणि त्याच्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, आले, पुन्हा गेले. मी गमतीने म्हणायचे, माझं एक गिऱ्हाईक बुडालं. मग एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला आतल्या छोट्या खोलीत बसवलं. टेबलावरचा टिश्यूचा डबा आमच्या बाजूला सरकवून ठेवला होता, तेव्हाच मी काय ते समजले. रोग फुप्फुसात गेला होता. नेहमीची सगळी औषधं देऊन संपली होती.

वहिनी तिथे नव्हती. तिला रक्ताच्या नुसत्या वासाने चक्कर येते, म्हणून हॉस्पिटलच्या वाऱ्या माझ्याकडे होत्या. दुकान बंद असायचं त्या दिवशी मी दादाबरोबर जायचे.

डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, पण बोलायची तऱ्हा शांत. ती म्हणाली, “काका, एका नवीन औषधाची चाचणी सुरू आहे. अगदी पहिला टप्पा. माणसांना देऊन फार दिवस झालेले नाहीत. किती द्यावं, किती सोसवतं, हे शोधण्यासाठी हा टप्पा असतो. तुम्हाला फायदा होईल असं मी म्हणणार नाही. काहींना होतो. बहुतेकांना होत नाही.”

“म्हणजे आधी थोड्या लोकांना थोडं, मग पुढच्यांना जास्त?” दादाने विचारलं.

“हो. आणि कुठे थांबायचं हे तुमच्या रक्तातल्या आकड्यांवरून ठरणार.”

कितीतरी महिन्यांनी मी दादाला खुर्चीत ताठ बसलेलं पाहिलं. कागद त्याने घरी नेले, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले, शंका विचारल्या आणि मगच सही केली. त्या दिवशी बसने परत येताना मला म्हणाला, “रडू नकोस, लोक बघतात. बरा होणार नाही हे मला कळलंय. पण मी गेल्यावर पुढच्या माणसाला किती द्यायचं ते माझ्या आकड्यांवरून ठरेल. एवढं एक काम नीट झालं पाहिजे. आकडे खरे गेले पाहिजेत.”

मला वाटलं होतं तो जीव वाचवायला चालला आहे. तो ड्यूटीवर चालला होता.

चाचणीचे नियम कडक. दुसरं औषध घ्यायचं नाही. जडीबुटी नाही, काढा नाही, पूड नाही, कुणी कितीही सांगितलं तरी नाही. अगदी साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारून घ्यायची. दादाने हे वहिनीला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. ती भाजी चिरत होती. “कळलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?” म्हणाली. तो तरीही हलेना. तेव्हा तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, “नाही देणार काही. तुमच्या गळ्याची शपथ.” मी तिथेच होते. मी ऐकलं.

मग त्या वाऱ्या सुरू झाल्या. मोठी खोली, रेक्झिनच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक सलाइनचा दांडा. औषध चढवण्याआधी रक्त, चढवताना रक्त, नंतर पुन्हा रक्त. दादाच्या शेजारच्या खुर्चीवर एक बेकरीवाली बाई असायची. तिच्या दोन्ही हातांवर भट्टीच्या डागांची रांग. त्याच औषधाच्या त्याच डोसवर तीही होती. दादाचं ऑफिसातलं नाव कळल्यापासून तीही त्याला ‘मीटर’च म्हणायची. घरून सुनेने दिलेला चहाचा थर्मास घेऊन यायची आणि सगळ्यांना पाजायची. “घ्या हो, नाहीतरी आपल्याला आता काय झोप उडायची भीती,” म्हणायची.

दर वेळी सिस्टर विचारायची, “दुसरं काही औषध? घरगुती काही?” दादा म्हणायचा, “नाही.” हा ‘नाही’ म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलाचा असतो तसा. एकदा एवढंच म्हणाला, “रोजचं दूध मात्र हल्ली कडवट लागतं.” सिस्टरने औषधाचा परिणाम म्हणून लिहून घेतलं आणि बेकरीवालीला विचारलं, तुम्हालाही लागतं का?

“मला नाही बाई. मला सगळं गोडच लागतं. धंदाच तो आमचा.”

घरी दादाने वहिनीलाही सांगितलं की दूध कडू लागतंय. ती म्हणाली, “तुमच्या तोंडाची चव गेलीय त्या औषधाने. मध घालते.” मध घातला. तो प्यायला.

पहिला स्कॅन झाला. गाठी वाढल्या नव्हत्या. डॉक्टर जपून म्हणाली, “एवढ्यावर लगेच आनंद मानू नका, पण बातमी वाईट नाही.” दादा कॉरिडॉरमध्ये शीळ वाजवत चालला. घरी येऊन वहिनीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. आनंदाने रडते आहे असं मला वाटलं. आनंदानेच रडत होती, पण तिचा आनंद वेगळ्या कारणाचा होता हे मला तेव्हा कुठे माहीत.

त्यानंतर लिव्हरचे आकडे चढायला लागले. आधी थोडे, मग एकदम. डोळे पिवळे दिसू लागले. पुन्हा रक्त घेतलं, आकडा आणखी वर. डॉक्टरने औषध थांबवलं. बेकरीवालीचा डोसही खबरदारी म्हणून कमी केला आणि नवीन माणसांना तो डोस देणं तूर्त बंद ठेवलं.

“अहो मीटर, तुमच्यापायी माझा डोस कापला की,” बेकरीवाली म्हणाली. हसत म्हणाली, पण हसणं गालांच्या वर गेलं नाही. तिच्या गाठी त्या डोसवर कमी झाल्या होत्या.

दादाला वाईट वाटलं, पण तो कोलमडला नाही. रस्ताभर मला समजावत होता. “बघ, यासाठीच तर होतं सगळं. या डोसला माणसाचं लिव्हर टिकत नाही हे कळलं ना? आता पुढच्या कुणाला एवढं देणार नाहीत. हेही रीडिंगच आहे.” त्याने स्वतःला ते इतकं नीट पटवलं होतं की मलाही पटलं.

घरी वहिनी भांडी लावत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. म्हणाली, “सुटलो बाई त्या विषातून. आता निदान पूड तरी उघडपणे घेता येईल.”

“कुठली पूड?” दादा म्हणाला.

तिला वाटलं आता लपवायचं कारण उरलं नाही. तिने तांदळाच्या डब्यामागून एक पत्र्याची डबी काढली. आत हिरवट राखाडी पूड होती. कुणा ओळखीच्या बाईच्या भावाला म्हणे या पुडीने उठवून बसवलं होतं. कुठल्याशा जडीबुटीवाल्याकडून ती आणवून घेत होती, आणि दादाच्या दुधात घालत होती.

“कधीपासून?” दादाने विचारलं.

“तुमचं ते सुरू झालं तेव्हापासून. अहो, गाठी वाढायच्या थांबल्या त्या काय त्यांच्या औषधाने? त्यांच्या औषधाने लिव्हर गेलं. थांबवल्या त्या हिने.” तिने डबीवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. अभिमान होता.

“मी तुला म्हणालो होतो दूध कडू लागतंय. मी ते तिथे लिहवून घेतलं. औषधाने कडू लागतं म्हणून.”

“मग काय सांगायला हवं होतं मी?”

माझा तोल गेला. “वहिनी, तू गळ्याची शपथ घेतली होतीस. माझ्यासमोर.”

“घेतली होती. शपथ मोडून माणूस वाचत असेल तर आणखी शंभर मोडीन.” ती माझ्याकडे वळली. “ते डॉक्टर स्वतःच म्हणतात ना, आम्हाला माहीत नाही? किती द्यायचं माहीत नाही, फायदा होईल का माहीत नाही. ज्यांना काही माहीत नाही त्यांच्या ताब्यात नवरा देऊन मी इथे भांडी घासत बसू? तू बसली असतीस?”

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण म्हणून राग जातो असं कुठे आहे? केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या ओट्यापाशी पाहिलं. परक्याने दगा दिला तर माणूस निदान शिवी तरी देतो. इथे शिवी कुणाला द्यायची? जिने माणसासाठी रात्रीचा दिवस केला तिला? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आमची आई म्हणायची, तेव्हा मला वाटायचं ही उगाच भाऊबंदकीचं जुनं पुराण काढते.

दादाने डबीचं झाकण लावलं. दूध न पिता झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरपुढे त्याने ती डबी ठेवली. “हे माझ्या दुधात होतं. पहिल्यापासून. मला माहीत नव्हतं, पण माझ्या रक्तात होतं. म्हणून सांगायला आलो.”

मला वाटलं होतं डॉक्टर चिडेल. ती चिडली नाही, आणि ते जास्त लागलं. तिने डबी उघडून बघितली, पुडीचा थोडा नमुना तपासायला ठेवून घेतला, आणि म्हणाली, “काका, आता लिव्हर कशाने बिघडलं ते सांगता येणार नाही. आमच्या औषधाने, या पुडीने, की दोन्ही मिळून. आणि तुम्हाला परत चाचणीत घेता येणार नाही.”

“ते कळलं. माझे आकडे?”

“ते राहतील. त्यांच्यापुढे शेरा लिहावा लागेल.”

“म्हणजे बाद.”

“बाद असं मी नाही म्हणत.”

“डॉक्टर, मी जन्मभर असले शेरे लिहिले,” दादा म्हणाला. “शेरा लागलेल्या रीडिंगचं काय होतं ते मला सांगू नका.”

डॉक्टरने टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात धरला. त्याने धरू दिला, पण बघत होता तो खिडकीकडे.

जाताना तो मोठ्या खोलीत गेला. बेकरीवाली खुर्चीत होती. तिला त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाला, “तुमचा डोस माझ्यामुळे कापला गेला. कदाचित कापायची गरजही नसेल. चूक झाली.” ती म्हणाली, “माझी सूनही रोज इतक्या काळजीने चहा देते हो.” एवढं बोलून तिने मांडीवरचा थर्मास उचलला आणि खुर्चीखाली ठेवला. त्या दिवशी तिने कुणाला चहा दिला नाही.

घरी भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं नाही. वहिनीने पाण्याचा ग्लास आणून दिला. दादाने तो हातात घेतला आणि विचारलं, “यात काय आहे?”

आवाज साधा होता. कुणाच्या दारात उभं राहून मीटर कुठे आहे विचारावं, इतका साधा. वहिनी म्हणाली, “पाणी.” त्याने ग्लास खाली ठेवला, उठला, स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेतलं आणि प्यायला.

तेव्हापासून हे रोज. “यात काय आहे?” भातात काय आहे, भाजीत काय आहे, चहात काय आहे. सुरुवातीला वहिनी एकेक जिन्नस सांगायची. मग चिडली. मग रडली. डबी तिने स्वतः नेऊन कचऱ्यात टाकली, दुधाचं पातेलं राखेने घासून घासून पांढरं केलं. त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली आणि त्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाक करू लागली. प्रत्येक गोष्ट घालण्याआधी मोठ्याने बोलायची, मीठ घालतेय, तेल घालतेय. पालथ्या घड्यावर पाणी. तो सगळं बघायचा, मान डोलवायचा आणि मी माझ्या घरून डब्यात आणलेलं जेवायचा.

मला आधी वाटलं, भोगू दे जरा. नंतर ते बघवेना. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी दादाला म्हटलं, “पुरे आता. तिने वाईटासाठी नव्हतं केलं. जीव होता म्हणून केलं.”

“तेच तर,” तो म्हणाला. “चोरी करणाऱ्याला मी पकडायचो, तो दंड भरायचा, विषय संपायचा. हिला काय दंड करू?” मग म्हणाला, “मरायचं मी कबूल केलं होतं गं. तेवढं एक काम हाती होतं. ते हिने मला न विचारता काढून घेतलं, आणि मी रोज तिच्याच हातून पीत होतो. विसरायचं ठरवलं तरी मला घास गिळवत नाही. मी मुद्दाम करत नाही.”

हे मी वहिनीला सांगितलं नाही. तिला ते माहीत असावं. एकदा ती मला म्हणाली, “नणंदबाई, त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं.” त्याआधी तिने मला कधी नणंदबाई म्हटल्याचं आठवत नाही.

गाठी पुढे वाढल्याच. शेवटच्या दिवसांत दादाचा पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आणला. बोलणं बंद झालं होतं, पण माणसं ओळखत होता. नर्स सांगून गेली होती की मागेल तेव्हा चमच्याने थोडं थोडं पाणी द्या. त्या दुपारी त्याने ओठ हलवले. वहिनी जवळ होती. तिने चमचा भरला, वाकली, आणि त्याला विचारता येत नाही म्हणून स्वतःच म्हणाली, “पाणी आहे. नुसतं पाणी.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. ती कोण आहे ते त्याला नीट कळत होतं. ओठ मिटलेले राहिले. तिने चमचा टेकवला, पाणी हनुवटीवरून मानेवर उतरलं. तिने पुन्हा भरला, पुन्हा तेच झालं. मग तिने चमचा माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकली.

ग्लास तोच होता, पाणी तेच होतं. मी चमचा पुढे केला आणि दादाने तोंड उघडलं.

मला त्याचा राग आला. इतके महिने मी वहिनीवर धुमसत होते, आणि त्या क्षणी मला मरणाऱ्या माणसाचा, माझ्या सख्ख्या भावाचा राग आला. एक चमचा तिच्या हातून घेतला असता तर याचं काय गेलं असतं? पण त्याचे ओठ पुन्हा हलत होते. वहिनी टॉवेलच्या टोकाने त्याची मान पुसत उभी होती, आणि मी दुसरा चमचा भरला.